आज्जीनं पास केलेला फोटो

स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन होऊन तीन दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत एक आज्जी शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पोटऱ्यांपर्यंत चिखल. भांगलण अर्ध्यावर टाकून शेतातून थेट आल्या होत्या. मी पुढे झालो, तर त्यांनी आधी पाय धुवायला पाणी मागितलं. पाय धुतले, खोळ कठड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या शाळंच्या भितीवर माझा फोटू लावलाय म्हणं. कुठं हाय, बघतो.” (आमच्या भागात बायकाही स्वतःविषयी ‘बघतो’, ‘येतो’ असंच बोलतात.)

मी त्यांना फलकापाशी नेलं. नववीच्या मुलांनी काढलेले एकवीस फोटो तिथं लावलेले होते. मधोमध, सगळ्यांत मोठा, त्यांचा. परसातल्या दगडावर भांडी घासतायत, पदर खांद्यावर घसरलाय, केस कपाळावर आलेत, तोंड अर्धवट उघडं, नजर खाली. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘उत्कृष्ट छायाचित्र – कष्टाचे हात’. फलकाच्या चारी बाजूंनी आम्ही झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, त्या एव्हाना सुकायला लागल्या होत्या.

आज्जी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. “मला इचारलं न्हाई कुणी,” एवढंच बोलल्या.

मी तिथल्या तिथं फोटो उतरवून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी घडी करून कमरेला खोचला आणि शेताकडे परतल्या. ज्या मुलीनं फोटो काढला होता ती, त्यांची नात, वर्गाच्या दारामागं उभी होती. त्यानंतर दोन दिवस ती शाळेत आली नाही.

पुढे दीड महिना हेच प्रकरण माझ्या चित्रकलेच्या तासाचा अभ्यासक्रम होऊन बसलं. आता बऱ्याच शाळांत कलाशिक्षक मोबाइलवर फोटोग्राफीचा उपक्रम घेतात, आणि बहुतेक जण मी जिथं चुकलो तिथूनच सुरुवात करत असावेत असं मला वाटतं. म्हणून झालं ते सगळं मांडतो.

वर्ग आणि मोबाइल

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जंगलाच्या कडेला. मराठी माध्यमाचं हायस्कूल, नववीत ३१ मुलं. चित्रकलेचे आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास, त्यातला एक कधी गणिताला तर कधी कन्नडला उसना जातो. मुलांचा हात चांगला आहे. लोअर आणि हायर ड्रॉइंगच्या परीक्षांना बसतात, तांब्या-पेला, पानं-फुलं, नक्षीकाम नीट करतात. माणसाचा चेहरा आला की मात्र अडतात. डोळे वर कपाळात चढतात, कान गालाच्या मध्यावर येतात, आणि सगळे चेहरे एकाच घरातल्या भावंडांसारखे दिसायला लागतात. चेहरा नीट बघायची सवय लागावी म्हणून मी कॅमेरा वर्गात आणला. चांगला फोटोग्राफर घडवणं हा हेतू नव्हता. मुलांनी एखाद्या माणसाच्या तोंडाकडे पाच मिनिटं सलग बघावं, एवढीच अपेक्षा होती.

वर्गात मोबाइल एकच, माझा. घरी म्हणाल तर आमच्याकडचे निम्मे बाप कामाला गोव्यात असतात. चांगला हँडसेट त्यांच्याबरोबर जातो आणि गणपतीला, शिमग्याला, जत्रेला त्यांच्याबरोबर परत येतो. घरी राहतो तो काच तडकलेला जुना मोबाइल. तोही आई शेतातून आली की संध्याकाळी मुलांच्या हाती लागतो. जुलैच्या पहिल्या फेरीतले निम्म्याहून जास्त फोटो रात्री ट्यूबच्या उजेडात काढलेले होते, ते त्यामुळंच: रंग हिरवट, हात हललेला, डोळ्यांखाली काळं. त्याबद्दल मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता.

त्या फेरीआधी मी अर्धा तास बोललो होतो. फोकस कुठं टेकवायचा, हात कोपरात कसा टेकवून धरायचा, चेहरा चौकटीत कुठं ठेवायचा. शेवटी एक वाक्य सांगितलं: “समोरच्याला कळू न देता काढा, म्हणजे चेहरा नैसर्गिक येतो.”

त्या मुलीनं माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं.

मी तसं का सांगितलं, याचा नंतर बराच विचार केला. गावातलं कुणीही कॅमेऱ्यासमोर आलं की सावधानमध्ये उभं राहतं, हात मांडीला चिकटतात, चेहरा दगडासारखा होतो. मला तो दोष वाटायचा, आणि तो टाळायला मी चोरून काढायचा मार्ग सुचवला. पण ते ताठ बसणं आलं कुठून? १८३९ मध्ये दागेरोटाइपची पद्धत जगापुढे आली तेव्हा एक फोटो उमटायला काही मिनिटं लागायची. माणूस हलला तर चेहऱ्याचा धूर व्हायचा. म्हणून स्टुडिओत मान मागून लोखंडी चिमट्यात धरून बसवत. पुढे वेळ सेकंदांवर आला, सेकंदाच्याही भागावर आला, पण ‘हलू नका’ हे शब्द स्टुडिओतून गेले नाहीत. आमच्या आजी-आजोबांनी आयुष्यात एक-दोनदाच फोटो काढून घेतला, तो याच शब्दांच्या धाकात. शिवाय परक्यासमोर आणि पाहुण्यासमोर नीटनेटकं, सावरून बसायची आपली रीतच आहे. तो ताठपणा त्या माणसाचाच असतो, आणि तो मोडून काढायचा अधिकार माझ्या विद्यार्थ्याला मी कुठून दिला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

भिंतीवरचा कोट

पुढच्या रविवारी मी आज्जींच्या घरी गेलो. माफी मागायला जायचं म्हणून गेलो, आणि निम्मा धडा तिथं शिकून आलो.

कौलारू घर, पुढं सोपा. सोप्यातल्या भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो, प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातलेला. काळा कोट, टाय, मागं निळं आभाळ. मी सहज विचारलं, कोट कुठल्या प्रसंगाचा. आज्जी म्हणाल्या, “स्टुडिओवाल्याचा हाय तो. ह्येंनी जन्मात कोट घातला न्हाई.” आजोबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, चुलतभावाच्या लग्नातला, पंचवीस माणसांच्या घोळक्यात नखाएवढा चेहरा. स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला, चिकटवायला अंग हवं म्हणून कोट दिला. “डोळं ह्येंचं हैत. बाकीचं कुणाचं हाय, देवाला ठावं.”

असे फोटो आमच्याकडे घरोघरी आहेत. धोतर आणि टोपीत आयुष्य काढलेली माणसं मेल्यावर कोटात बसतात. आणि गावात एकट्या माणसाचा मोठा फोटो भिंतीवर दिसला, त्याला हार असला, की त्याचा अर्थ एकच असतो. शेजारणीनं आज्जींना जाऊन सांगितलं होतं ते शब्द मला तेव्हा कळले: “शाळंत तुझ्या फोटूला हार घातलाय.” माझ्या लेखी त्या माळा फलकाची सजावट होत्या. इतकी वर्षं याच भागात राहून मला ते दिसलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आज्जींचा फोटोला विरोध नव्हता. चहा देता देता त्यांनीच विषय काढला. “पोरगी शिकत्या, तर काढू दे की. पन मी सांगतो तवा. भांगलण उरकू दे, गणपती होऊ दे. मी सांगतो तसा. आनि दुसऱ्याचा कोट चढवू नका माझ्या अंगावर.”

सोमवारी फळ्यावर मी हे तिन्ही लिहून काढलं: सांगेन तेव्हा, सांगेन तसा, दुसऱ्याचा कोट नको. नातीला विचारूनच लिहिलं. वर्ग गप्प होता.

धडा पहिल्यापासून

गणपतीपर्यंत आम्ही घरी फोटो काढणं बंद ठेवलं. मुलं एकमेकांसमोर बसली. पहिले दोन तास तर मोबाइलला हातसुद्धा लावला नाही. धाग्यानं चेहरे मोजले. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेतलं की डोळे बरोबर मधोमध येतात. मुलांना हे पटेना, कारण केस धरून बघितलं तर चेहरा खाली सरकल्यासारखा वाटतो. धागा दुमडून दाखवल्यावर पटलं. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावतो. हे सगळं पुस्तकात असतं, पण शेजारच्या बाकावरच्या पोराच्या तोंडावर मोजल्याशिवाय ते हातात उतरत नाही.

मग अंतर. मुलं मोबाइल समोरच्याच्या तोंडाजवळ नेतात, दीड फुटावर, चेहरा चौकट भरून यावा म्हणून. मोठं नाक आणि मागं गेलेले कान ही त्याचीच करामत. हिशोब आम्ही फळ्यावर केला. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर कान ५७ वर. म्हणजे नाक कानाच्या मानानं सव्वापटीहून मोठं दिसणार. तोच कॅमेरा १८० सेंटिमीटरवर, म्हणजे सहा फुटांवर नेला, तर कान १९२ वर आणि फरक जेमतेम सात टक्के. सहा फुटांवर जायचं आणि मग झूम करायचं किंवा नंतर कातरायचं. साध्या मोबाइलचा झूम म्हणजे कातरणंच असतं, त्यात बारकावे थोडे जातात, पण चेहऱ्याची घडण अंतरावर ठरते आणि ती शाबूत राहते. फरशीवर खडूनं सहा फुटांची रेघ ओढली. ती रेघ महिनाभर पुसू दिली नाही.

सगळ्यांत जास्त वेळ गेला उजेडावर, आणि तिथं आमची घरंच कामाला आली. पाऊस आत येऊ नये म्हणून वळचण खाली उतरलेली, खिडक्या हातभर, आत दिवसाही अंधार. उजेड येतो तो दारातून. उंबऱ्याच्या आत दोन फुटांवर माणूस बसवला, तोंड दाराकडे अर्धवट वळवलं, तर चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो आणि मागचं घर आपोआप काळोखात जातं. लहान दिव्याचा उजेड अंतर दुप्पट झालं की पाव होतो. दार मोठं असल्यानं हिशोब इतका काटेकोर बसत नाही, पण दाराशी आणि चार पावलं आत यात केवढा फरक पडतो हे डोळ्यांना दिसतं. मागं वेगळा पडदा लावायची गरज उरत नाही. पावसाळ्यातलं भरलेलं आभाळ तर अख्खं गाव सावलीत ठेवतं. उन्हाळ्यातल्या दुपारी अंगणात फोटो काढला की पदराची सावली डोळ्यांवर पडून नजर नाहीशी होते. ऑगस्ट-सप्टेंबरात ती अडचण नाही.

शाळेत आम्ही वर्गाचं दार वापरलं. तोंड दारापासून अर्धं वळवलं की पलीकडच्या अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या चित्रांत तो दिसतो, म्हणून जगभरचे फोटोग्राफर त्याच्या नावानं तो ओळखतात. माझ्या वर्गानं त्याला ‘समोसा’ म्हटलं आणि तेच नाव चाललं. ‘सर, हिच्या गालावर समोसा आला’ म्हटलं की बाकीचे धावत बघायला यायचे. डोळ्यांच्या बुबुळात दाराची चौकट चमकते, ती दिसली तर डोळा जिवंत वाटतो. ‘डोळ्यात दार पाहिजे’ हा नियम एका मुलानं मांडला. तो मी पुढच्या वर्गांनाही तसाच सांगणार आहे.

तिसरी गोष्ट रंगाची. मोबाइलचा कॅमेरा समोरचं सगळं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड ठरवतो. चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे सावळं माणूस उभं केलं की तो भिंत दाबायला जातो आणि चेहरा काळाठिक्कर पडतो. अंधाऱ्या घरापुढे उलटं, चेहरा फटफटीत. चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि शेजारी सूर्याची खूण येते ती जरा खाली ओढायची. एवढं केलं तरी निम्मं काम होतं. आणि ब्युटी मोड बंद करायचा. अनेक मोबाइलवर तो आधीच चालू असतो, न विचारता कातडी घासून गोरी करतो. मुलांना यात काही गैर वाटत नव्हतं, उलट बरं वाटत होतं. तेव्हा मी त्यांना शर्ली कार्डची गोष्ट सांगितली. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो पाठवायची. तिची कातडी बरोबर छापली गेली म्हणजे यंत्र बरोबर. पुढे कितीही बायका बदलल्या तरी कार्डाचं नाव शर्लीच राहिलं. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात नीट उतरायचे नाहीत, आणि ही तक्रार कंपनीनं मनावर घेतली त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांचा मोठा वाटा होता असं सांगतात. गव्हाळ, काळासावळा असा सगळा आमचा वर्ग ते ऐकून आपापल्या हातांकडे बघत होता.

एका तासाला मी स्वामी विवेकानंदांचा एक जुना फोटो दाखवला. ऑक्टोबर १८९२ मध्ये ते बेळगावात होते, आधी भाटे यांच्याकडे आणि नंतर हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे उतरले होते, आणि तेव्हा इथल्याच एस. महादेव यांच्या स्टुडिओत त्यांचा फोटो काढला गेला. शिकागोच्या आधीचे विवेकानंद. मुलांनी तो बघितलेला होता, पण तो बेळगावातला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. उजेड कुठून येतोय ते शोधा म्हटल्यावर अर्धा तास वाद चालला. बेळगावात चेहरा समोर बसवून रंगवायची परंपराही मोठी आहे; के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार इथंच शिकले. समोर बसलेल्या माणसाला तासन्तास बघणं आमच्या मातीला नवं नाही, हे मुलांना कळावं असं मला फार वाटत होतं.

विचारायचं कसं

दोन तास फक्त विचारण्याच्या सरावात गेले. स्टाफरूममध्ये यावर नाराजी निघाली, चित्रकलेच्या तासाला चित्र कुठं आहे म्हणून. माझ्या मते उपक्रमातला सगळ्यांत गरजेचा भाग तोच होता.

मुलांनी वाक्यं तयार केली. फोटो कशासाठी, कोण बघणार, भिंतीवर लागणार का, मोबाइलवर कुणाला पाठवणार का. आमच्या गावात निम्मी देवाणघेवाण कन्नडमध्ये चालते. किराणा दुकानदार कानडी, बसचा कंडक्टर कानडी, दोघा मुलांच्या तर आज्या घरात कानडीच बोलतात. तेव्हा ‘फोटो तगीलेन्री?’ (फोटो काढू का?) हेही पाठ झालं. दुकानदाराला एका मुलानं हे विचारलं तेव्हा त्यानं आधी त्याला जवळ बोलावून पुन्हा म्हणायला लावलं, उच्चार सुधारला, आणि मग गल्ल्यावर ताठ बसला. तो फोटो चांगला आला.

‘नाही’ ऐकायचाही सराव केला. चौघांना नकार मिळाला. एका मुलाचे वडील म्हणाले, कामाच्या कपड्यांत नको आणि चांगले कपडे घालायला वेळ नाही. एका मुलीची आई काहीच बोलली नाही, फक्त आत गेली. त्या मुलीनं तोच नकार मानला, आणि मानला हे मला फार मोलाचं वाटलं. नकार आला, तो कसा आला आणि त्यानंतर मी काय केलं हे अर्ध्या पानात लिहून आणलं, तर पूर्ण गुण असं मी ठरवलं. फोटो नाही आणि गुण पूर्ण, हे एका सहकाऱ्याला आजही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. कौशल्य मोजायचं तर काम समोर हवं. पण पहिल्या फेरीत काम समोर होतं, त्याला मी ‘उत्कृष्ट’ लिहिलं, आणि एका बाईला त्यापायी भांगलण सोडून शाळेत यावं लागलं.

रविवारी सव्वातीन

गणपती होऊन दोन आठवडे झाले होते. भात पोटरीत आलं होतं. सकाळी पाऊस पडून गेलेला, आभाळ भरलेलं. आज्जींनी रविवार सांगितला, जेवणानंतरची वेळही त्यांनीच ठरवली. नातीबरोबर दोन मैत्रिणी होत्या, एक पोतं धरायला, एक टिपण घ्यायला. वडील गणपतीला आले होते ते अजून गेले नव्हते, म्हणून चांगला मोबाइल होता. मी अंगणात जांभळीखाली उभा राहिलो, मध्ये पडायचं नाही असं ठरवून.

आज्जींनी ट्रंकेतून हिरवं इरकल लुगडं आणि खणाची चोळी काढली होती. घड्यांच्या खुणा लुगड्यावर तशाच होत्या. नात म्हणाली, इस्त्री करूया. “घड्या असू देत. नवं हाय ते कळू दे.” प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी नाकारली, पाट फार खाली पडला, शेवटी लाकडी स्टूल आलं. उंबऱ्यापासून दोन फूट आत ठेवलं. नातीनं पावलं मोजत सहा फूट अंतर घेतलं, ती अंगणातच आली. पहिल्या फोटोत मी कौतुक केलेले हात आठवून की काय, तिनं विचारलं, “आज्जी, हातात काय धरतीस? खुरपं देऊ?” त्या म्हणाल्या, “काय बी नको. रिकामं दिसू देत.”

पहिला फोटो काढून तिनं त्यांना दाखवला. आज्जींनी मोबाइल लांब धरला, मग जवळ घेतला, मग दाराच्या उजेडात नेला. “ही कोन?” म्हणाल्या. “माझं वण कुठं गेलं?”

त्यांच्या दोन्ही गालांवर देवीचे वण आहेत. ब्युटी मोड चालू राहिला होता आणि त्यानं ते सगळे पुसून टाकले होते. तिन्ही मुलींना ते वण कशाचे हेच माहीत नव्हतं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, त्यांच्या आयाही बहुतेक त्यानंतरच्या. आज्जींनी सांगितलं. सात वर्षांच्या होत्या. घरातली दोन भावंडं गेली, या राहिल्या. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. हे सगळं त्या फोटोसाठी बसल्या बसल्याच बोलल्या, आवाज न बदलता. टिपण घेणारी मुलगी लिहायचं विसरली.

नातीनं ब्युटी मोड बंद केला. मग तिनं मला कधीच सुचला नसता असा प्रश्न विचारला: “वण किती दिसू देत?” वर्गात ती शिकली होती की उजेड जितका बाजूनं येईल तितका कातडीवरचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो. आज्जींनी विचार केला. “दिसू देत की. पन तेवढंच दिसाया नको.”

त्यावर तिनं स्टूल थोडं फिरवलं, तोंड दाराकडे जास्त आलं. मैत्रिणीनं खताचं रिकामं पोतं उलटं करून त्याची पांढरी बाजू अंधाऱ्या गालाकडे धरली. पोतं पुढं-मागं करत बघितलं: जवळ आणलं की गाल सपाट, फार लांब नेलं की वण काळे. हातभर अंतरावर ते थांबलं. पावभर तास त्यात गेला. मी अंगणातून बघत होतो. वर्गात मी उजेडावर चार तास बोललो होतो, पण उजेड कशासाठी कमी-जास्त करायचा याचं कारण माझ्याकडं नव्हतं. ते आज्जींनी दिलं.

चौदा फोटो झाले. प्रत्येक आज्जींनी बघितला. नातीला आवडला तो हसतानाचा, पुढचा पडलेला दात दिसणारा. मलाही तोच आवडला. आज्जींनी तो पुसायला लावला. त्यांनी पास केला तो बारावा: मिटलेलं तोंड, सरळ नजर, डोक्यावर पदर, मांडीवर दोन्ही हात. ताठ.

काय जमलं, काय नाही

३१ पैकी २२ मुलांनी फोटो पूर्ण केले, चौघांनी नकाराचं पान दिलं. उरलेल्या पाच जणांकडं घरी मोबाइलच नव्हता किंवा दिवसा मिळाला नाही. त्यांच्यासाठी माझा मोबाइल घरी नेऊ देणं एवढाच उपाय होता, तो मी दोघांनाच देऊ शकलो. पुढच्या वर्षी ही सोय आधी करायची आहे.

पेन्सिलच्या चेहऱ्यांत डोळे खाली उतरले, जागेवर आले. साम्य अजून येत नाही. ते इतक्या लवकर येतही नाही. काही मुलांनी समोसा सापडल्यावर प्रत्येक माणसाला त्याच कोनात बसवलं, आणि पाच-सहा फोटो पुन्हा एकसारखे दिसायला लागले. एका मुलानं आपल्या काकांना चार वेळा उठवून बसवलं तेव्हा काका वैतागले. विचारणं एकदा करून संपत नाही, बसलेल्या माणसाचा चेहरा बघत राहावं लागतं, हे मी आधी सांगायला हवं होतं. फोटो फलकावर लावणं आता बंद केलंय. त्याऐवजी एक अल्बम आहे, ज्याची परवानगी मिळाली त्याचंच पान त्यात चिकटवायचं, आणि मुलाचे पालक आणि बसलेला माणूस दोघांनी हो म्हटल्यावरच.

आज्जींच्या फोटोच्या दोन प्रती बेळगावातून पाच बाय सातच्या, मॅट कागदावर छापून आणल्या. मी घरी जाऊन दिल्या आणि शाळेच्या अल्बमसाठी तिसरी काढू का असं विचारलं. त्यांनी फोटो लुगड्याच्या घडीत ठेवला, ट्रंक लावली. “एक माझ्याजवळ, एक लेकीकडं. शाळंत नको.”

म्हणून अल्बमच्या सतराव्या पानावर फोटो नाही. चार कोपऱ्यांना फोटो अडकवायचे काळे कोन तेवढे चिकटवलेले आहेत, आणि खाली नातीच्या अक्षरात लिहिलंय:

अंतर सहा फूट. उजेड डावीकडून, दारातून. दुपारी सव्वातीन, आभाळ भरलेलं. उजवीकडं पांढरं पोतं, हातभर लांब. ब्युटी मोड बंद. चौदा काढले, आज्जीनं एक पास केला.